मेसचा खाडा आणि दोन आठवड्यांचा स्प्रिंट : ॲजाइल पद्धतीत ग्राहकाचे म्हणणे कामापर्यंत कसे पोचवावे

पुण्यात हिंजवडीच्या किंवा खराडीच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते की आपली टीम ॲजाइल पद्धतीने काम करते. म्हणजे नेमके काय, हे त्याला बहुधा बैठकांमधूनच कळते : रोज सकाळी पंधरा मिनिटांचा स्टँड-अप, दर दुसऱ्या सोमवारी प्लॅनिंग, दर दुसऱ्या शुक्रवारी डेमो आणि त्यानंतर रेट्रो, म्हणजे टीमने स्वतःच्या कामाचा घेतलेला आढावा. महिन्या-दोन महिन्यांत बॅकलॉग (कामांची यादी), स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज), व्हेलॉसिटी (एका खेपेत होणारे काम) हे शब्द तोंडात रुळतात आणि जिरा नावाच्या, कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील (याचा फोडणीशी काही संबंध नाही) कार्डे एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकवण्याची सवयही होते. पण आपण लिहिलेला कोड जो माणूस वापरतो, तो कुठे बसतो, कशात अडतो आणि कशाला वैतागतो, हे मात्र अनेकांना वर्षभरातही कळत नाही.

हा लेख अशा नवोदितांसाठी आहे. आपल्या टीमची पद्धत खरोखर ॲजाइल आहे का, म्हणजे थोडे थोडे काम करून वापरणाऱ्यांच्या म्हणण्यावरून पुढचे ठरवणारी आहे का, हे ताडून पाहण्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो : गेल्या तीन स्प्रिंटमध्ये (म्हणजे कामाच्या ठरावीक, बहुधा दोन आठवड्यांच्या, खेपांमध्ये) वापरणाऱ्यांच्या सांगण्यावरून किंवा वागण्यावरून आपल्या यादीतील कोणते काम वर आले, कोणते खाली गेले आणि कोणते कायमचे वगळले गेले? याचे उत्तर ‘एकही नाही’ असे असेल, तर आपण सगळे आधीच ठरवून टाकण्याच्या जुन्याच पद्धतीचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडले आहेत, इतकेच म्हणता येईल. खाली ज्या पायऱ्या दिल्या आहेत त्या सगळ्या या एका प्रश्नाचे उत्तर ‘हो, ही पाहा’ असे देता यावे यासाठी आहेत.

समजण्यासाठी एक काल्पनिक पण ओळखीचे उदाहरण घेऊ. नवी पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक मेस आहे. साठ सभासद आहेत, त्यांपैकी काही जण तिथेच जेवतात आणि काही जण डबा नेतात. मेस चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात. एखादा विद्यार्थी गावी गेला किंवा बाहेर जेवणार असला, तर तो ‘खाडा’ सांगतो आणि तेवढ्या जेवणांचे पैसे महिन्याच्या हिशोबातून वजा होतात किंवा तेवढे दिवस पुढे मिळतात. हा सगळा व्यवहार एका लांबट वहीत चालतो. चार जणांच्या एका नवख्या टीमने काकूंसाठी मोबाइलवर चालणारे ॲप करायचे ठरवले आहे.

थोडी पार्श्वभूमी

विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये मोठे सॉफ्टवेअर प्रकल्प कसे चालवावेत यावर एक निबंध लिहिला. गरजा, विश्लेषण, आराखडा, कोड, चाचणी आणि प्रत्यक्ष वापर असे टप्पे एकाखाली एक दाखवणारी आकृती त्यात होती आणि पुढे तिलाच ‘वॉटरफॉल’ हे नाव चिकटले. गंमत अशी की ही रचना जशीच्या तशी राबवणे जोखमीचे आहे, कारण चाचणी अगदी शेवटी येते, हा इशारा रॉइस यांनी त्याच निबंधात दिला होता. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा तिथेच राहू दिला. पुढे ११ ते १३ फेब्रुवारी २००१ या दिवसांत अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे सॉफ्टवेअर क्षेत्रातील सतरा जण एकत्र आले. केंट बेक, मार्टिन फाउलर, वॉर्ड कनिंगहॅम, केन श्वेबर, जेफ सदरलँड ही त्यांतील काही नावे. त्यांनी ॲजाइलचा जो छोटा जाहीरनामा लिहिला, त्यात चार मूल्ये आणि त्यांच्या जोडीला बारा तत्त्वे आहेत. कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाबरोबरचे सहकार्य मोलाचे मानावे, हे त्या चारांपैकी एक मूल्य आहे. करार नकोच असे मात्र त्यात कुठेही म्हटलेले नाही, हे नवोदितांनी नीट वाचावे. दोन्हींना मोल आहे, पण दुसऱ्याला अधिक, असे ते म्हणणे आहे.

यामागचे कारण साधे आहे. चूक होणे आणि ती चूक आहे हे कळणे यांत जितका काळ जातो, तितके त्या चुकीवर आणखी काम रचले जाते. डबा नेणाऱ्याचा खाडा आणि मेसमध्ये जेवणाऱ्याचा खाडा वेगळ्या वेळेपर्यंत धरला जातो ही गोष्ट दहाव्या दिवशी कळली, तर एक रकाना वाढवून काम भागते. तीच गोष्ट दहाव्या महिन्यात कळली, तर बिले, महिन्याचे हिशोब, विद्यार्थ्यांना जाणारे संदेश आणि काकूंचा आपल्यावरील विश्वास, असे सगळेच उसवावे लागते.

पायरी १ : लॅपटॉप उघडण्याआधी मेसमध्ये जाऊन बसावे

सकाळी साडेआठला मेसमध्ये जावे, काकूंची परवानगी घेऊन एका कोपऱ्यात बसावे आणि स्वयंपाकाच्या तयारीपासून दुपारचे शेवटचे ताट उठेपर्यंत जे घडते ते वहीत उतरवावे. पुण्यात या कामी एक आयती सोय असते, ती म्हणजे भिंतीवरच्या पाट्या. ‘खाडा सकाळी नऊच्या आत सांगावा. नंतर सांगितलेला खाडा धरला जाणार नाही.’ ‘एका वेळेचा खाडा धरला जात नाही.’ ‘पाहुण्याचे पैसे जेवणाआधी द्यावेत.’ ‘एकाचा डबा दुसऱ्याकडे दिला जाणार नाही.’ पुणेरी पाट्यांची थट्टा पुष्कळ होते, पण त्यांतील प्रत्येक ओळीमागे कधीतरी झालेला एक वाद असतो, आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून ती ओळ लिहिलेली असते. सॉफ्टवेअर करणाऱ्याला यापेक्षा चांगला गरजांचा मसुदा दुसरा मिळणार नाही. प्रत्येक पाटीजवळ उभे राहून ‘काकू, ही का लावावी लागली?’ एवढेच विचारले, तरी तासाभराची माहिती मिळते.

याच दिवशी आणखी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी : ग्राहक कोण आणि वापरणारे कोण. काकू पैसे देणार आहेत, म्हणून त्या ग्राहक. खाडा टाकणारे विद्यार्थी हे वापरणारे. डबे पोचवणारा मुलगा यादी पाहणार आहे, म्हणून तोही वापरणारा. पोळ्या लाटणाऱ्या मावशी फोनला हातही लावणार नाहीत, पण ॲपमध्ये दिसणाऱ्या आकड्याचा सगळ्यात मोठा परिणाम त्यांच्या कामावर होणार आहे. या चौघांची मते वेगळी असतात, आणि त्यांतील ज्याचे मत घ्यायचे राहून जाते, त्याच्याच ठिकाणी पुढे काम अडते.

प्रश्न विचारताना पुढच्या काळाबद्दल विचारू नये, झालेल्या गोष्टीबद्दल विचारावे. ‘असे ॲप केले तर तुम्ही वापराल का?’ या प्रश्नाला आपल्याकडे समोरच्याचे मन मोडू नये म्हणून ‘हो, वापरू की’ असेच उत्तर मिळते आणि ते कवडीच्या उपयोगाचे नसते. त्याऐवजी ‘परवा किती पोळ्या उरल्या? त्यांचे काय केले?’, ‘गेल्या महिन्यात हिशोबावरून कुणाशी वाजले का? काय झाले होते?’, ‘वहीतले पान मला दाखवता का?’ असे विचारावे. उत्तरे शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावीत. ‘सदस्य अनुपस्थिती व्यवस्थापनात अडचणी’ असे लिहिले की त्यातले सगळे सत्त्व निघून जाते. ‘नऊला सांगत नाहीत आणि एकला येऊन म्हणतात, मी काल मित्राजवळ निरोप दिला होता’ असे लिहिले की पुढचा निम्मा विचार आपोआप होतो.

टीमच्या डोक्यात मेनूचे फोटो, ऑनलाइन पैसे भरणे आणि भाजीला तारे देण्याची सोय, अशा कल्पना आधीपासून घोळत असतात. एक सकाळ मेसमध्ये काढल्यावर कळते की काकूंचा जीव एका आकड्यात अडकलेला आहे. कणीक सव्वानऊला भिजते. तोपर्यंत दुपारचा आकडा पक्का नसेल, तर अंदाजाने भिजवावी लागते. अंदाज चुकला की एक तर पोळ्या उरतात, नाहीतर दीड वाजता मावशींना पुन्हा परात पुढे ओढावी लागते.

पायरी २ : गरज कार्डावर लिहावी आणि पातळ काप काढावा

ही गरज यूजर स्टोरीच्या, म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेल्या छोट्या गरजेच्या, रूपात अशी लिहिता येईल : ‘मेस चालवणारी व्यक्ती म्हणून मला सकाळी नऊ वाजता आज दुपारी जेवणाऱ्यांचा आकडा दिसायला हवा, म्हणजे कणीक तेवढीच भिजवता येईल.’ कोणाला, काय आणि कशासाठी, हे तीन भाग त्यात आहेत. नवोदित मंडळी पहिले दोन भाग लिहितात आणि ‘कशासाठी’ गाळतात किंवा ‘सोयीसाठी’ असे काहीतरी मोघम लिहून मोकळी होतात. खरे तर तोच भाग टीमला निर्णय घेताना उपयोगी पडतो, कारण आकडा कणकेसाठी हवा आहे हे माहीत असले, की तो नऊनंतर बदलत राहणे त्रासाचे आहे हे कुणी सांगण्याची गरज उरत नाही.

ॲजाइल जाहीरनाम्याच्या सतरा जणांपैकीच एक असलेल्या रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये यूजर स्टोरीचे तीन अंग सांगितले : कार्ड, संवाद आणि खातरजमा. कार्ड ही केवळ आठवणीची खूण आहे. खरे काम संवादात होते आणि खातरजमा म्हणजे काम झाले हे कशावरून म्हणायचे, याच्या आधीच ठरवलेल्या अटी. आपल्या स्टोरीच्या अटी अशा असतील : नऊच्या आत टाकलेला खाडा आकड्यातून वजा झालेला दिसावा, नऊनंतर टाकलेला खाडा त्या दिवसासाठी घेतला जाऊ नये आणि तसे विद्यार्थ्याला तिथल्या तिथे कळावे, आणि इंटरनेट नसले तर शेवटी मिळालेला आकडा व त्याची वेळ दिसत राहावी. या अटी कोड लिहिण्याआधी काकूंना वाचून दाखवाव्यात. पहिल्याच वाचनात त्या किमान एक अट बदलतात, असा अनुभव आहे.

यानंतर कामाचे तुकडे पाडायचे. इथे बहुतेक नव्या टीम चुकतात. ‘पहिल्या स्प्रिंटमध्ये डेटाबेस, दुसऱ्यात सर्व्हरवरील कोड, तिसऱ्यात स्क्रीन’ अशी आडवी वाटणी केली, तर दीड महिना काकूंना दाखवण्यासारखे काहीच तयार होत नाही आणि म्हणून त्यांचे म्हणणेही मिळत नाही. काप उभा काढावा, म्हणजे थोडी स्क्रीन, थोडा सर्व्हर आणि थोडा डेटाबेस मिळून एक छोटी पण पूर्ण गोष्ट झाली पाहिजे. पहिल्या स्प्रिंटमध्ये एवढेच करावे : विद्यार्थ्याने नाव निवडून ‘आज खाडा’ हे बटण दाबावे आणि काकूंच्या फोनवर आकडा दिसावा. लॉगिन नको, पैसे नकोत, महिन्याचा हिशोब नको. ओळखीच्या दहा विद्यार्थ्यांपुरते चालले तरी पुरे. एखादा म्हणेल की हे फारच अपुरे आहे. ते अपुरे आहेच. पण काकूंच्या हातात देण्याजोगे आहे.

पायरी ३ : यादी एक, तिचा धनी एक

सगळी कामे एकाच यादीत, म्हणजे बॅकलॉगमध्ये, क्रमाने लावावीत. क्रम म्हणजे खरोखरचा क्रम. दहा कामांना ‘अत्यंत महत्त्वाचे’ असा शिक्का मारून त्यांना शेजारी-शेजारी ठेवणे म्हणजे क्रम नव्हे. स्क्रम ही ॲजाइलची एक रूढ कार्यपद्धती आहे. तिच्या अधिकृत मार्गदर्शिकेनुसार प्रॉडक्ट ओनर, म्हणजे या यादीचा धनी, ही एक व्यक्ती असते, समिती नसते. आपल्या टीममध्ये हे काम चौघांपैकी एकीने घ्यावे आणि बाकीच्यांनी क्रमाबद्दल भांडायचे ते तिच्याशी भांडावे, पण शेवटचा शब्द तिचा मानावा. यादीच्या वरच्या पाच-सहा कामांचे तपशील पक्के असावेत आणि खालची कामे एका ओळीत लिहिलेली असली तरी चालतील, कारण ती तिथवर येईपर्यंत बदलणार आहेत.

पायरी ४ : स्प्रिंट

स्प्रिंट एक महिन्याहून मोठा असू नये. नव्या टीमला दोन आठवडे ठीक पडतात. सुरुवातीला प्लॅनिंगमध्ये या स्प्रिंटचे एक उद्दिष्ट साध्या वाक्यात लिहावे. रोजचा स्टँड-अप पंधरा मिनिटांचा, आणि तो साहेबांना हजेरी देण्यासाठी नसून आपल्याला एकमेकांची कुठे मदत हवी आहे हे कळण्यासाठी असतो. मधल्या काळात काकूंचा फोन आला आणि त्यांनी काही नवे सुचवले, तर ते लगेच चालू स्प्रिंटमध्ये कोंबू नये. यादीत लिहावे आणि पुढच्या प्लॅनिंगला विचारात घ्यावे. अपवाद एकच : सकाळचा आकडाच चुकीचा दिसत असेल, तर हातातले काम ठेवून आधी तो दुरुस्त करावा.

पायरी ५ : फोन त्यांच्या हातात द्यावा आणि गप्प बसावे

सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत महत्त्वाची आहे, आणि सर्वांत वाईट रीतीने हीच पार पाडली जाते. स्प्रिंटच्या शेवटच्या बैठकीला सर्रास ‘डेमो’ म्हणतात आणि त्या नावामुळेच घोळ होतो. टीममधील कुणीतरी स्क्रीन दाखवतो, आधी ठरवलेल्या वाटेने बटणे दाबतो, सगळे नीट चालते, समोरचे ‘छान’ म्हणतात आणि बैठक संपते. स्क्रमच्या मार्गदर्शिकेत या बैठकीला स्प्रिंट रिव्ह्यू म्हटले आहे आणि ती केवळ सादरीकरणापुरती ठेवू नये, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. ती सगळ्यांनी मिळून पुढचे ठरवण्याची बैठक आहे.

काकूंच्या बाबतीत ती मेसमध्येच घ्यावी. दुपारची जेवणे आटोपल्यावर साडेतीनच्या सुमारास त्यांना थोडी उसंत असते. फोन त्यांच्या हातात द्यावा, एक काम सांगावे, ‘उद्या दुपारी किती जण जेवणार ते यात बघा’, आणि त्यानंतर तोंड उघडू नये. त्या चुकीच्या जागी बोट ठेवतील, मागे जातील, चष्मा शोधतील. ‘काकू, तिथे नाही, वर उजवीकडे’ असे सांगण्याची प्रत्येक प्रोग्रामरला अनावर इच्छा होते. ती आवरावी. उद्या सकाळी नऊला आपण तिथे नसणार आहोत.

समजा, स्क्रीनवर ‘आज जेवणारे : ४२’ असे दिसते आहे. काकू थोडा वेळ पाहतात आणि म्हणतात, “छान आहे हो. पण हे बेचाळीस डबे धरून का सोडून?” टीममधील चौघे एकमेकांकडे पाहतात, कारण हा प्रश्न त्यांतील एकालाही पडलेला नसतो. डब्यात चार पोळ्या ठरलेल्या असतात आणि ताटावर बसणारा हव्या तितक्या घेतो, तेव्हा कणकेच्या हिशोबाला दोन आकडे वेगळे लागतात, हे त्या एका वाक्यातून कळते. आता लक्षात घ्यावे की काकूंनी ‘छान आहे’ हे आधी म्हटले होते. ते सौजन्य होते. अभिप्राय त्याच्या पुढे होता. ‘छान आहे’ ऐकून ज्यांनी लॅपटॉप मिटला, त्यांना तो मिळालाच नसता.

बोलण्याइतकेच वागण्याकडेही लक्ष द्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहावे की काकू आकडा फोनमध्ये बघतात का वहीत. फोनमध्ये पाहून पुन्हा वहीशी ताडून बघत असतील, तर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही आणि त्याला काहीतरी कारण असणार. कदाचित गेल्या गुरुवारी एकदा आकडा चुकला असेल आणि तो त्यांनी सांगितलाही नसेल.

किती जणांना दाखवावे, असा प्रश्न नेहमी येतो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशोब असा आहे की एका वापरणाऱ्याच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात असे धरले, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. म्हणून पंधरा जणांची एकच चाचणी करण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन कराव्यात आणि मधल्या काळात दुरुस्त्या कराव्यात. मात्र हे पाच एकाच प्रकारचे वापरणारे असावेत. पाच विद्यार्थ्यांना विचारून डबे पोचवणाऱ्या मुलाची अडचण कळत नाही.

बसून पाहताना कुणाचे बोलणे किंवा स्क्रीन रेकॉर्ड करायची असेल, तर आधी विचारावे आणि कशासाठी ते सांगावे. संमती घेणे हा शिष्टाचार तर आहेच, पण डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याचाही तो गाभा आहे.

पायरी ६ : आलेले म्हणणे निवडून घ्यावे

तांदूळ निवडावेत तसे हे काम शांतपणे करावे. पहिली वाटणी अशी : हा बिघाड आहे, की समजण्यातील घोटाळा, की नवी गरज, की केवळ आवडनिवड? बिघाड लवकर दुरुस्त करावा. घोटाळा असेल तर बहुधा शब्द बदलून भागते. ‘आज जेवणारे’ऐवजी ‘ताटे २७, डबे १५’ असे लिहिले की झाले. नवी गरज यादीत जाते आणि तिथे तिची जागा प्रॉडक्ट ओनर ठरवते. आवडनिवड लिहून ठेवावी आणि तीच गोष्ट आणखी तीन-चार जणांकडून आली तर पाहावे. एखादा उत्साही विद्यार्थी रोज संदेश पाठवून काळ्या रंगाची स्क्रीन मागत असतो. त्याचा आवाज मोठा आहे म्हणून त्याची गरज मोठी ठरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. लोक अडचण सांगत नाहीत, उपाय सांगतात. काकू म्हणतील, “मला एक बटण द्या, दाबलं की सगळ्यांना एकदम फोन गेला पाहिजे.” आज्ञाधारक टीम साठ जणांना एकदम फोन लावण्याची सोय करायला बसेल आणि त्यात दोन स्प्रिंट घालवेल. विचार करणारी टीम विचारेल, “काकू, शेवटचा फोन तुम्ही कुणाला लावला होता, आणि कशासाठी?” मग कळते की खाडा न सांगता गायब होणारे ठरावीक तिघे-चौघे आहेत आणि काकूंना फक्त त्यांना विचारायचे असते. त्यांना साडेआठला एक आठवण पाठवली की काम होते. सांगितलेला उपाय नाकारताना अडचण नाकारली जाऊ नये, एवढे भान हवे.

कधीकधी दोन म्हणणी एकमेकांच्या आड येतात. विद्यार्थ्यांना खाडा अकरापर्यंत टाकता यायला हवा असतो, काकूंना नऊनंतर नको असतो. इथे प्रोग्रामरने ‘दहा’ असा मध्य काढून कोडमध्ये घालू नये. तो मेसचा नियम आहे, सॉफ्टवेअरचा नाही, आणि तो काकूंनीच ठरवला पाहिजे. आपण फार तर त्यांना हे दाखवू शकतो की गेल्या महिन्यात नऊ ते अकरा या वेळेत किती जणांनी खाडा टाकण्याचा प्रयत्न केला.

आणि ज्याने काही सांगितले, त्याला पुढच्या भेटीत उत्तर द्यावे : हे केले, हे पुढच्या खेपेस करू, हे करणार नाही आणि का करणार नाही. हे दोन मिनिटांचे काम टाळले की माणसे सांगणे थांबवतात. मग टीमला वाटते की आता तक्रारी नाहीत.

पायरी ७ : फरक पडला का, ते मोजावे

मोजमाप कामाशी जोडलेले असावे. उरलेल्या पोळ्या कमी झाल्या का, दीड वाजता पुन्हा कणीक भिजवावी लागते का, महिनाअखेरच्या हिशोबावरून किती जणांनी हरकत घेतली, ही खरी मापे. ‘आमचे ॲप दुसऱ्यांना सुचवाल का, शून्य ते दहा गुण द्या’ हा प्रश्न व्यवस्थापन सल्लागार फ्रेड राइशेल्ड यांनी २००३ मध्ये रूढ केला आणि तो आज सगळीकडे विचारला जातो. पण साठ सभासदांच्या मेसमध्ये त्याचा उपयोग फारसा नाही, कारण सात गुण देणाऱ्याला नेमके काय खुपते ते त्या आकड्यात दिसत नाही.

रेट्रोमध्ये टीमने स्वतःच्या कामाकडे पाहावे आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये बदलण्याची एकच गोष्ट ठरवावी. दहा ठरवल्या की एकही होत नाही.

ग्राहक सातासमुद्रापार असेल तर

पुण्यातील बहुतेक नवोदितांना काकू मिळत नाहीत. त्यांचा ग्राहक न्यूयॉर्कला किंवा फ्रँकफर्टला असतो आणि मध्ये क्लायंटचा मॅनेजर, आपला मॅनेजर आणि बिझनेस ॲनालिस्ट (ग्राहकाच्या गरजा टीमसाठी लिहून देणारा) अशी माणसे असतात. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात, तेव्हा रिव्ह्यू घाईने उरकून कंपनीची बस पकडण्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. तरीही काही गोष्टी नव्या माणसाला करता येतात. रिव्ह्यूला ऐकण्यापुरते बसू देण्याची परवानगी मागावी. ती सहसा मिळते. सपोर्टकडे आलेली तिकिटे, म्हणजे वापरणाऱ्यांच्या तक्रारींच्या नोंदी, आठवड्यातून एकदा मूळ शब्दांत वाचावीत, कारण आपल्यापर्यंत येणारे कार्ड तीन जणांनी पुन्हा लिहिलेले असते. स्टोरीतील ‘कशासाठी’ हा भाग कोरा असेल, तर अंदाज न बांधता ॲनालिस्टला विचारावे, आणि त्यांनाही माहीत नसेल तर तो प्रश्न पुढे पाठवावा. एखादे फीचर प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, गेल्यावर महिन्याभरात ते किती जणांनी उघडले, हे लॉगमध्ये (सॉफ्टवेअरने ठेवलेल्या नोंदींमध्ये) पाहता येते का ते विचारावे. कुणीच उघडले नसेल, तर तोही अभिप्रायच आहे, आणि तो रिव्ह्यूमध्ये शांतपणे मांडता येतो.

ग्राहकाचे वर्ष भिंतीवर लावावे

एक गोष्ट मात्र कितीही चांगल्या रिव्ह्यूमध्ये कळत नाही, कारण ती त्या दोन आठवड्यांत घडलेलीच नसते. टीमने मेचा पहिला आठवडा ते जूनचा शेवट असे चार स्प्रिंट मनापासून काम केले, काकूंची वही जवळपास बंद झाली आणि टीम दुसऱ्या कामाला लागली, असे समजा. मग आषाढी एकादशी येते. ॲप सांगते, ताटे २७, डबे १५. त्यांतले निम्मे उपासाचे असतात, त्यांना पोळी नको, साबुदाण्याची खिचडी हवी असते, आणि साबुदाणा तर आदल्या रात्रीच भिजवावा लागतो. गणपतीत मुले गावी जातात ती सलग आठ-दहा दिवस. दिवाळीत मेसच बंद असते, मग त्या दिवसांचे पैसे कसे धरायचे? रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री सुट्टी, हे तर पहिल्याच आठवड्यात कळायला हवे होते.

म्हणून टीमच्या बोर्डाशेजारी एक साधे कालनिर्णय टांगावे आणि काकूंबरोबर बसून त्यावर खुणा कराव्यात : उपास कोणते, सुट्ट्या कोणत्या, परीक्षा कधी, नवे सभासद कोणत्या महिन्यात येतात, कोणत्या महिन्यात मेस निम्मी रिकामी होते. परदेशी ग्राहक असेल तर त्याचे आर्थिक वर्ष, सणांचा हंगाम आणि लेखापरीक्षणाचे दिवस लिहावेत. प्रत्येक खुणेच्या तीन आठवडे आधी त्या दिवसासंबंधीची स्टोरी यादीत वर आली पाहिजे, आणि त्या दिवशी सकाळी नऊ वाजता टीममधील एकाने तरी मेसमध्ये परातीजवळ उभे असले पाहिजे.